तारपा दिसतो, चौक दिसत नाही
(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचे वळण शक्यतो तसेच ठेवले आहे.)



संयोजकांनी विषय दिला होता 'समाजमाध्यमे आणि कला'. फार ऐसपैस विषय आहे. असा विषय घेतला की वक्ता तासभर बोलतो आणि श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून आपण तो आवळून घेऊ. ऑनलाइन कलेचे जे समूह आहेत, म्हणजे फेसबुकवरचे चित्रकारांचे ग्रुप, इन्स्टाग्रामवरची 'फीचर' करणारी खाती, डेव्हियंटआर्ट किंवा बिहान्ससारखी जुनी-नवी ठिकाणं, ते काय उचलून धरतात आणि काय त्यांच्या नजरेतून सुटतं, एवढाच प्रश्न आपण घेऊ. आणि तोही हवेत नको. एक उदाहरण घेऊ आणि त्याला शेवटपर्यंत सोडायचं नाही.

उदाहरण लांबचं नाही. पनवेलहून डहाणूला मेमू गाडी जाते. त्या टोकाला, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यात वारली समाज राहतो. पूर्वी हा सगळा ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर. आपण वारली चित्रांविषयी बोलू.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या हातात फोन आहे (म्हणजे सगळ्यांच्याच), त्यांनी व्याख्यान संपल्यावर 'वारली' एवढाच शब्द शोधून बघा. आत्ता नको! काय दिसेल ते आम्ही आधीच सांगतो. मातकट तांबडी पार्श्वभूमी, पांढऱ्या त्रिकोणांची माणसं, हातात हात घालून गोल फिरणारी रांग, आणि मध्ये तारपा वाजवणारा. हा तारपा नाच. कपांवर तोच, साड्यांच्या पदरावर तोच, मोबाइलच्या कव्हरवर तोच, उड्डाणपुलाच्या खांबांवर तोच. 'पाच पायऱ्यांत वारली शिका' अशा चित्रफिती निघतात त्यांतही तोच. चित्र वाईट नाही. उलट फार देखणं आहे. पण ज्याला आज आपण वारली चित्रकला म्हणून ओळखतो, तिचं मूळ चित्र हे नव्हे. मूळ चित्र आहे लग्नाचा चौक.

चौक म्हणजे काय, हे जरा सावकाश समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लग्नघरात, झोपडीच्या आतल्या भिंतीवर, शेण-गेरूने सारवलेल्या जागेवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्याने एक चौकोन काढतात. त्याच्या चारही कडांना नक्षीचे पट्टे, एकात एक. आत पालघट देवी. ही सुफलनाची देवी, झाडाझुडपांची, पिकांची, पोराबाळांची. शेजारी किंवा वेगळ्या छोट्या चौकात पंचशिऱ्या देव, पाच शिरांचा, अंगातून धान्याची कणसं फुटलेला. आणि चौकाच्या बाहेर सगळं जग: झाडं, जनावरं, नवरानवरी, आणि हो, नाचणारी माणसंसुद्धा. म्हणजे तारपा नाच असलाच तर त्या चौकाच्या भोवतालच्या पसाऱ्यात, अनेक गोष्टींतली एक म्हणून.

आणि हे काढायचं कोणी? सवाशिणींनी. जिचा नवरा हयात आहे अशा बायकांनी. शेजारी धवलेरी गाणी म्हणते. धवलेरी म्हणजे वारल्यांची लग्न लावणारी बाई. पुरोहितच म्हणा ना. तिच्या गाण्यातून देवतांना बोलावणं जातं. चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न झालं की या चित्राचं काय होतं? काही नाही. ते भिंतीवर राहतं, धुराने काळवंडतं, पुढच्या सारवणात जातं. त्यावर सही नसते. ते जपायचं असतं, असं कोणाच्या मनातही येत नाही.

हे कागदावर कसं आलं, तो इतिहास थोडक्यात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या गावांमध्ये गेले. त्याआधी ते बिहारात मिथिलेत गेले होते. तिथल्या बायकांच्या हाती कागद देण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. वारली गावांत त्यांनी बायकांना चित्रं काढायला कागद दिले. आणि तिथे त्यांना गंजाडचे जिव्या सोमा मशे भेटले. पुरुष असून चित्र काढणारे, तेही लग्न नसताना, केवळ काढावंसं वाटतं म्हणून. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या कलादालनांत चित्रं लागली, १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात लागली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

जिव्या मशे मोठे चित्रकार होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र बघा. हजारो बारीक रेषा, एकीला एक लागून, आणि त्या रेषांतून जाळ्याचं वजन जाणवतं. पण आता एक गंमत बघा. तेच चित्र फोनवर बघा. रेषा एकमेकींत विरघळतात आणि एक करडा डाग दिसतो. ज्या गुणामुळे ते चित्र थोर आहे, तो गुणच हातभर काचेत मावत नाही. तारपा नाच मात्र मावतो. वर्तुळ आहे, अंगठ्याएवढं केलं तरी वर्तुळच राहतं.

इथून आपण आपल्या प्रश्नाकडे येऊ.

पहिली गोष्ट म्हणजे साधं यंत्र काय करतं ते. इन्स्टाग्राम २०१५ पर्यंत चौरस चित्रच घेत असे. २०१६ पासून चित्रं ज्या क्रमाने टाकली त्या क्रमाने दिसणं बंद झालं. तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून क्रम लावला जाऊ लागला. २०२० साली आपल्याकडे रील आली. या तिन्ही पायऱ्यांवर एक गोष्ट वाढत गेली: निर्णय किती चटकन व्हायला हवा. आता बोट थांबलं की नाही थांबलं, एवढंच बघितलं जातं. चौक एका क्षणात वाचता येत नाही. त्याच्या मध्यभागी कोण बसलं आहे, हे ज्याला माहीत नाही त्याला तो 'खूप गिचमिड' वाटतो. तारप्याला काहीच माहीत असावं लागत नाही. नाचणारी माणसं सगळ्यांना कळतात, त्यात देव नाही, जात नाही, कर्ज नाही, भांडण नाही.

हे सगळं कंपन्यांच्या माथी मारून मोकळं होता येईल. पुष्कळ जण तसं करतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण आम्हाला ते अर्धवट वाटतं. कारण यंत्र जो अंदाज बांधतं, तो आपल्याच बोटांवरून. आणि समूहांमध्ये तर यंत्राच्या आधी माणसं बसलेली असतात. ॲडमिन असतात, 'आठवड्याचं चित्र' निवडणारे असतात. डेव्हियंटआर्टवर तर, अल्गोरिदम हा शब्द घराघरात पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून, रोज काही चित्रं पुढे आणण्याचं काम हौशी माणसं करत आली आहेत. तेव्हा निवड हा माणसाचा विषय आहे, आणि म्हणून तो तत्त्वज्ञानाचाही आहे.

कांट काय म्हणतो बघा. १७९० सालचं त्याचं सौंदर्यविषयक पुस्तक. त्यात तो दोन गोष्टी अगदी सुरुवातीला वेगळ्या करतो: सुखद आणि सुंदर. कॅनरी बेटांची वाइन मला आवडते, असं मी म्हटलं तर तिथे 'मला' हा शब्द महत्त्वाचा. तुम्हाला आवडत नसेल तर आपलं भांडण नाही. पण 'हे सुंदर आहे' असं म्हणतो तेव्हा मी दुसऱ्याकडून सहमतीची मागणी करतो. ती मिळेलच असं नाही, पण मागणी असते. म्हणून तिथे वाद होऊ शकतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कांटचं हे सगळं मराठीत इतकं नीट उलगडून ठेवलं आहे की ज्यांना रस आहे त्यांनी तिकडेच जावं. १९७४ चं पुस्तक आहे, अजून जुनं झालेलं नाही.

आता 'लाईक' हे बटण कोणत्या बाजूचं? नावच सांगतं. ते वाइनच्या बाजूचं आहे. त्यात काही गैर नाही. आवडलं, सांगितलं. घोटाळा पुढे होतो. दहा हजार लोकांनी 'मला आवडलं' म्हटलं की समूह त्याचं भाषांतर करतो 'हे चांगलं आहे' असं. दहा हजार 'मला' एकत्र करून एक 'सर्वांनी मान्य करावं' तयार होत नाही. तर्काच्या दृष्टीने ही उडीच आहे. आणि ती उडी मारल्यावर वाद घालायला जागा उरत नाही. कारण आवडीशी वाद कसा घालणार? तुम्ही मराठी चित्रकारांच्या कुठल्याही मोठ्या ग्रुपवर जा. 'अप्रतिम', 'खूपच सुंदर', 'वाह दादा', तीन नमस्कार, दोन आगीच्या ज्वाळा. कोणी लिहिलं, की हात जरा अवघडलाय, किंवा हे चित्र अमक्याच्या चित्रासारखं दिसतं, तर लगेच 'निगेटिव्हिटी नको'. काही ग्रुपांच्या नियमांतच ते लिहिलेलं असतं.

आपल्याकडे हा प्रश्न नवा आहे असं मात्र कोणी समजू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय आहे, प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचं त्याबद्दलचा. भरत सिद्धीचे दोन प्रकार सांगतो. एक मानुषी सिद्धी. प्रेक्षक हसतात, 'साधु', 'अहो' म्हणतात, ओरडतात, अंगावर काटा येतो, जागेवरून उठतात, अंगावरची वस्त्रं आणि अंगठ्या काढून नटाकडे टाकतात. आपल्या भाषेत लाईक, कमेंट, शेअर, आणि शेवटचं ते पैसे पाठवणं. (हशा) भरत त्याला तुच्छ लेखत नाही, सिद्धीच म्हणतो. पण दुसरी दैविकी सिद्धी. तिथे आवाज नाही, गोंधळ नाही, काही विपरीत घडत नाही, आणि तरी प्रेक्षागृह भरलेलं आहे. पूर्ण भरलेलं आणि शांत. ही खूण मोजायला आज कोणतं बटण आहे सांगा. चित्रासमोर पाच मिनिटं गप्प बसलेला माणूस यंत्राच्या हिशेबात बहुधा झोपलेला असतो.

त्याच अध्यायात आणखी एक फार उपयोगाची गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. भरत प्रेक्षक आणि प्राश्निक वेगळे करतो. प्रेक्षक सगळे. प्राश्निक म्हणजे वाद झाल्यास निवाडा देणारे. यादी ऐका: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्र जाणणारा, वेश्या, संगीत जाणणारा आणि राजसेवक. किती शहाणी यादी आहे! त्यात राजा आहे तशी वेश्याही आहे. आणि प्रत्येकाने निवाडा द्यायचा तो आपल्या जाणकारीपुरता. रंगमंचावर बाण सोडला तर धनुर्धराला विचारा. शृंगाराचे उपचार दाखवले तर वेश्येला विचारा, वैयाकरणाला नको.

मग वारली चौक दाखवला तर कोणाला विचारायचं? धवलेरीला. आणि नेमकी तीच या सगळ्या खेळात कुठे नाही. ज्या समूहांत वारली चित्रं उचलून धरली जातात, तिथे निवाडा कोण देतं? मुंबई-पुण्याचे, बंगलोरचे डिझाइनर. 'मिनिमल', 'जिओमेट्रिक', 'ट्रायबल वाइब' हे त्यांचे शब्द. ते चूक नाहीत, त्यांच्या क्षेत्रात. पण चौकाच्या मध्यभागी काढलेली पालघट नीट बसली आहे की नाही, कडेच्या पट्ट्यांचा क्रम बरोबर आहे की नाही, हे सांगू शकणाऱ्या बाईचा अंगठा त्या मोजणीत नाही. आणि असलाच तर तो दहा हजारांतला एक.

पुन्हा, चौक काढणाऱ्या बाया नावानिशी कुठे आहेत? मूळ कला त्यांची. कागदावर आली आणि पुरुषांची झाली. हे ऑनलाइन जगाने केलेलं नाही. ते कलादालनांनी, हस्तकला मंडळांनी, आणि आपण सगळ्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच केलं. ऑनलाइन समूहांना ते आयतं मिळालं, त्यांनी फक्त वेग वाढवला.

जुन्या व्यवस्थेविषयी हळवं व्हायचं कारण नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. तिथे परीक्षक होते, पदकं होती, आणि त्या परीक्षकांच्या नजरेतूनही पुष्कळ काही सुटलं. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा राहिला तोच त्या अभिरुचीला कंटाळून. सहा जण होते: सूझा, आरा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे. आता प्रेक्षागृहात विचारलं तर हुसेन सगळे सांगतील, रझा सांगतील, सूझा सांगतील. गाडे आणि बाकरे किती जण सांगतील? बाकरे तर त्यांतले शिल्पकार. म्हणजे बंडखोरांच्या यादीतही पुढे आणणं आणि मागे ठेवणं चालूच राहिलं. फरक एवढाच, की जुन्या परीक्षकाला नाव होतं. वर्तमानपत्रात पत्र लिहून त्याच्याशी भांडता येत असे. आज भांडायचं तर कोणाशी? प्रत्येक जण म्हणणार, मी तर फक्त एक बटण दाबलं.

वासुदेव गायतोंडे हे नाव इथे घ्यायला हवं. वर्षाला मोजकी चित्रं. बोलणं नाही, मिसळणं नाही. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकन झालं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. आजच्या कुठल्याही समूहात, महिनोन् महिने काहीच न टाकणारा माणूस गणतीत राहत नाही. त्याचं खाते निपचित पडलं आहे असं यंत्र धरून चालतं. प्रभाकर बरव्यांचंही तसंच. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडलं. त्या वेळी अमोल पालेकर बोलत होते. संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल, म्हणजे काय दाखवायचं हे आता कोण ठरवणार याबद्दल. त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली. फिरायलाच हवी होती, प्रश्न गंभीर होता. पण बरव्यांची चित्रं? पान, घड्याळ, रिकामी पेटी, त्या वस्तूंमधलं अंतर. ती त्या गदारोळात किती जणांनी पाहिली? वाद फिरतो, चित्र फिरत नाही. 'कोरा कॅनव्हास' हे बरव्यांचं पुस्तक मिळालं तर वाचा, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

आता मूळ उदाहरणाकडे परत येऊ, कारण ज्याच्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते अजून सांगायचंच आहे.

वारली लग्नाचा चौक बघताना एक शब्द माहीत असायला हवा: लग्नगडी. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. १९७२ चं साहित्य अकादमी पारितोषिक त्याला आहे. स्वातंत्र्याच्या आधी या भागात वारली माणसाने लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज घेतलं, की तो त्याचा लग्नगडी व्हायचा. कर्ज फिटायचं नाही. तो आणि त्याची बायको आयुष्यभर त्या मालकाच्या घरी राबायची. वेठ वेगळी. १९४५ साली तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. पण लग्नगड्याची पद्धत मोडली.

आता पुन्हा चौक डोळ्यांसमोर आणा. तांदळाच्या पिठाने काढलेली सुफलनाची देवी, आणि तिच्यासमोर बसलेली दोन माणसं, जी त्या लग्नामुळेच दुसऱ्याची गुलाम होणार आहेत. घरात भात असेल-नसेल, पण देवीसाठी तांदूळ भिजवलेला आहे. हे कळल्यावर ते चित्र तुम्हाला पूर्वीसारखं दिसेल का? पाटणकरांच्या पुस्तकात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांची चर्चा आहे: कलाकृतीला जगण्यातल्या अर्थापासून तोडून बघायचं, की त्यासकट. आम्ही आयुष्यभर वर्गात दोन्ही बाजू शिकवल्या, दोन्हींना मान दिला. पण चौकापुढे अलौकिकतावादी भूमिका घेणं आम्हाला जमत नाही. तिथून अर्थ काढून घेतला तर नुसती नक्षी उरते. नेमकी तीच आज सर्वांत जास्त फिरते आहे.

काय सुटतं, याचा एक आणखी कोपरा. वारली चित्रकारांनी आगगाड्या काढल्या, इमारती काढल्या, रस्ते काढले. त्यांच्या जमिनीवर जे येत गेलं ते काढलं. साहजिकच आहे, चौकाबाहेरच्या पसाऱ्यात नेहमी भोवतालचं जगच असायचं. पण समूहांना आदिवासी हवा असतो तो कालातीत. डोंगर, भात, नाच. जेसीबी काढलेलं चित्र 'अस्सल वारली' वाटत नाही. म्हणजे ज्याचं चित्र, त्याने काय बघावं हेही बघणाऱ्यानेच ठरवायचं. वाढवणला मोठं बंदर होऊ घातलं आहे, बुलेट ट्रेनचा मार्ग पालघर जिल्ह्यातून जातो. तिथला तरुण चित्रकार या गोष्टी काढणारच. त्याच्या त्या चित्राला समूहाने उचललं नाही तर तो काय करेल? पोट आहे. तो पुन्हा तारपा काढेल.

आणि इथे दुसरी बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच तरुणाला हा फोन मिळाला म्हणून मधला दलाल टळतो. गंजाडहून किंवा तलासरीहून थेट जर्मनीतल्या गिऱ्हाईकाला चित्र पाठवता येतं. पूर्वी चित्र मुंबईच्या दुकानात जायचं आणि किंमत कोणाच्या हातात पडायची ते विचारायची सोय नव्हती. कलादालनाच्या दारात ज्याला संकोच वाटला असता, त्याचं काम आज लोक पाहतात. हा फायदा छोटा नाही. आमच्या पिढीतले काही लोक या माध्यमांना सरसकट नावं ठेवतात, त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की तुम्ही गेल्या चाळीस वर्षांत आदिवासी चित्रकाराकडून थेट किती चित्रं विकत घेतली?

पण थेट विक्री होते म्हणूनच तारप्याचं ओझं वाढतं, हेही खरं. दलाल गेला, त्याच्या जागी आकडा आला.

जाता जाता पिंगुळीची चित्रकथी. कुडाळजवळ ठाकर समाजाची ही परंपरा. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे चित्रांची पोथी असते. एकामागून एक चित्र उभं करायचं, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर कथा गाऊन सांगायची. एकटं चित्र तिथे वाक्यातल्या एका शब्दासारखं असतं. ऑनलाइन येतो तो तो एकच शब्द, सुटा, चौकट घातलेला. 'काय सुंदर डोळे आहेत' अशी खाली दाद. पुढचं चित्र कोणतं, हे कोणी विचारत नाही. यावर अधिक बोलता येईल, पण घड्याळाकडे बघायला हवं.

मग करायचं काय, असं आता तुम्ही विचाराल. समूह सोडून जा, असं आम्ही सांगणार नाही. आमचं हे व्याख्यानही तुमच्यातले बहुतेक जण पडद्यावरच बघणार आहेत. यंत्राचा क्रम आपल्या हातात नाही. निवडणाऱ्या माणसांचं वागणं मात्र थोडंफार आहे. भरताचा धडा घेतला तर एखाद्या ग्रुपच्या ॲडमिनला दहा प्राश्निक नेमता येतील. त्यांच्यासाठी मोठी योजना लागत नाही. वारली चित्र आलं तर चौक काढलेल्या बाईचं मत घ्यायचं, ते तिच्या बोलीत रेकॉर्ड करून चित्राखाली लावायचं. चित्रकथीचं पान आलं तर पुढची दोन पानं मागायची. प्रतिक्रियेत 'अप्रतिम'ऐवजी एक वाक्य, चित्रात काय दिसलं त्याचं, सक्तीने. आणि नियमांमधलं ते 'निगेटिव्हिटी नको' काढून टाकायचं. निंदा नको हे ठीक. पण निवाड्यालाच निंदा म्हणायला लागलो तर बोलणंच थांबतं.

हे तातडीचं आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. जे पुढे आणलं जातं त्याचेच फोटो निघतात, त्यालाच नावं दिली जातात, तेच शोधलं की सापडतं. आता चित्र तयार करणारी नवी यंत्रं आली आहेत, तीही असंच फिरणारं चित्र बघून शिकतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे वारली पाड्यावरची दहा-बारा वर्षांची मुलगीही तेच बघून शिकू शकते. तिच्या आजीला चौक येत असेल. आजी फोनमध्ये नाही. धवलेरीची गाणी तर लिहूनही फारशी ठेवलेली नाहीत. चित्र सारवणाखाली गेलं तरी गाण्यात ते पुन्हा उभं राहायचं, कारण कोणत्या देवाला कुठे बोलवायचं ते गाण्यात होतं. यशोधरा दालमिया यांनी १९८८ च्या आपल्या वारली चित्रांवरच्या पुस्तकात लग्नविधी, चौक आणि गाणी यांचा एकत्र विचार केला आहे. त्या पद्धतीने चौक बघणारं काही आज आम्हाला या समूहांत दिसत नाही. डहाणूच्या गाडीत बसून कोणी जाणार असेल तर पहिला प्रश्न चित्राविषयी विचारू नका. हा चौक कोणाच्या लग्नातला, कोणी काढला, आणि त्या वेळी गाणं कोण म्हणत होतं, ते विचारा. तिचं नाव लिहून आणा.

आता प्रश्न घेऊ. माइक मागच्या रांगेकडे द्या. त्या ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत.